पिवळ्या टेपखालचं बटण

"डोळ्यांनी घात केला त्यांचा, दुसरं काय. वय झालं आता."

सर, म्हणजे आमचे मालक, फोनवर कुणाला तरी सांगत होते. केबिनचं दार नेहमीसारखं अर्धं उघडं होतं आणि मी बाहेर दोन टेस्ट रिपोर्ट हातात धरून उभी होते. आत जावं की नाही ते ठरेना. सरांचा आवाज चिडलेला नव्हता. चिडलेला असता तर बरं झालं असतं. घरातल्या जुन्या स्कूटरबद्दल बोलावं तसे ते आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या कारागिराबद्दल, काकांबद्दल बोलत होते, मायेने, पण ती आता काढून टाकायची हे मनाशी ठरवून.

पलीकडे खिडकीपाशी काका आपल्या टेबलावर वाकून बसले होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला आणि समोरच्या अल्टिमीटरच्या, म्हणजे उंची दाखवणाऱ्या घड्याळाच्या, सुईकडे बघत राहिले. त्या सुईत काही दोष नव्हता. काकांच्या डोळ्यांतही नव्हता. हे त्या शेडमध्ये फक्त मला माहीत होतं.

मी रिपोर्ट तसेच घेऊन माझ्या जागेवर परत आले.

आमचं वर्कशॉप पावण्याला, एमआयडीसीत आहे. एका बाजूला रबरी वॉशर बनवणारे, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके. पाटीवर 'इन्स्ट्रुमेंट्स' एवढंच ठळक दिसतं, त्यामुळे जुईनगर स्टेशनवरून मला आणणारे रिक्षावाले समजतात की आम्ही वजनकाटे दुरुस्त करतो. मी कधी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. इथे खरं तर छोट्या विमानांची उपकरणं येतात. फ्लाइंग क्लबची दोन-चार माणसांची विमानं, ग्लायडर, असल्यांची. उंचीची आणि वेगाची घड्याळं, रेडिओ, आणि ट्रान्सपॉन्डर.

ट्रान्सपॉन्डर म्हणजे विचारल्यावर उत्तर देणारी पेटी. जमिनीवरचा राडार विचारतो, कोण आहेस, किती उंचीवर आहेस. पेटी सांगते, माझा चार आकडी कोड हा, माझी उंची इतकी. उंची तिला स्वतःला कळत नाही. ती सांगायला मागे एक छोटी डबी असते, तिला एन्कोडर म्हणतात. हवेचा दाब मोजून ती उंचीचा आकडा पेटीला पुरवते. एवढं समजलं तरी पुढचं सगळं समजेल.

मी इथे लागले तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी नवी कोरी होती आणि माझी मराठी शाळेतल्या तिसऱ्या भाषेपुरती. घरी मराठी बोलतो, पण घरातल्या भाषेत 'पाणी तापलंय का' यापलीकडे फारसं काही विचारायची वेळ येत नाही. काका मूळचे पावणे गावातलेच. शेडच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवून ते सांगत, "हीतशी आमची भातशेती व्हती. आता शेतावरच बसून पगार घेतो." शाळा सातवीपर्यंत. एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागले आणि एका जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली हे काम शिकले. मला पहिल्या आठवड्यात त्यांनी 'मॅडम' म्हटलं, दुसऱ्या आठवड्यापासून 'बाय'. मी कमी बोलते हे त्यांनी लगेच ओळखलं. ट्रान्सपॉन्डरवर एक जागा असते, तिथे बटण ठेवलं की पेटी चालू असते पण उत्तर देत नाही. कुणी मला काही विचारलं आणि मी नुसतीच हसले, की काका म्हणायचे, "आमची बाय स्टँडबायवर हाय. विचारा उद्या." सगळे हसायचे. मीही हसायचे. त्यात टोचण्यासारखं तेव्हा काही नव्हतं.

त्यांच्या टेबलावर काही नियम होते. कोडचे आकडे बदलताना पेटी आधी स्टँडबायवर टाकायची, कारण फिरवता फिरवता आकडे संकटाच्या कोडवरून जाऊ शकतात आणि मग वर कुणालातरी वाटतं, विमानात काही भलतंच झालंय. पेटीला अँटेना न लावता तिचा सिग्नल केबलमधूनच टेस्ट सेटमध्ये जिरवायचा. नाहीतर टेबलावर बसलेली पेटी राडारला सांगेल, मी दहा हजार फुटांवर आहे. "पावन्याच्या डोक्यावर भुताचं विमान," काका म्हणायचे. "तिकडं इमानतळवाले खुर्चीतून पडतील." तेव्हा उलव्याकडचा विमानतळ सुरू व्हायचा होता, पण धावपट्टी तयार होती आणि हा विनोद त्यांना फार आवडायचा.

आणि तिसरा नियम पिवळ्या टेपचा.

अल्टिमीटरवर एक बटण असतं आणि डायलमध्ये एक छोटी खिडकी. बटण फिरवलं की खिडकीतला दाबाचा आकडा बदलतो आणि सुई त्याप्रमाणे वर-खाली होते. पायलट ते बटण त्या दिवसाच्या, त्या जागेच्या हवेप्रमाणे लावतो. पण एन्कोडरला तसली मुभा नाही. जगातला प्रत्येक एन्कोडर एकाच आकड्यावरून मोजतो, एक हजार तेरा मिलिबार. एकमेकांच्या उंचीची तुलना करायची तर सगळ्यांनी एकाच जोत्यावरून मोजायला हवं. म्हणून एन्कोडर तपासताना शेजारचा अल्टिमीटरही एक हजार तेरावरच हवा. काकांनी टेबलावरचा अल्टिमीटर तसा लावून बटणावर पिवळी टेप चिकटवली होती. टेप ते दाताने तोडायचे, त्यामुळे तिच्या कडा नेहमी करवतीसारख्या. ती टेप म्हणजे त्यांचा शब्द होता. टेप जागेवर आहे म्हणजे आकडा जागेवर आहे. खिडकीत डोकावून बघायची गरज नाही.

त्या पावसाळ्यात घाटावरच्या एका क्लबचे इन्स्ट्रक्टर आमच्याकडे आले. साठीच्या पुढचे, हातात वहीच्या पानावर काढलेलं पॅनेलचं चित्र. त्यांच्याकडे एक मोटर ग्लायडर होतं. लांब पंखांचं, दोन माणसांचं, छोट्या इंजिनाचं. इंजिनवर वर जायचं, मग ते बंद करून घारीसारखं तरंगायचं. त्यातला जुना ट्रान्सपॉन्डर मेला होता आणि नवा निवडायचा होता.

"पंख बघाल तर केवढे," ते म्हणाले, "आणि पॅनेलवर जागा तळहाताएवढी."

मी तुलनेचा तक्ता करून ठेवला होता. कुठला किती जागा घेतो, किती वीज खातो, किती जोरात उत्तर देतो. इंजिन बंद असताना बॅटरी भरत नाही, म्हणून विजेचा रकाना मी सगळ्यात वर घेतला होता. त्यांनी सगळ्यात मोठ्या, सगळ्या सोयींच्या पेटीवर बोट ठेवलं.

"हा घेऊ. तरंगताना गरज नसेल तेव्हा बंद ठेवू. बॅटरी वाचेल."

काका टेबलावरून मान न वळवता म्हणाले, "बंदच ठेवायचा तर घेता कशाला सायेब? तुमचं विमान पांढरं, पातळ, आवाज नाय. डोल्यांनी कोनाला दिसनार? जो बंद न करता चालंल, तोच घ्या."

इन्स्ट्रक्टर हसले. त्यांनी लहान पेटी घेतली, जी पूर्ण उड्डाणभर चालू ठेवता येईल. मग अँटेना कुठे बसवायची यावर दोघांची बराच वेळ चर्चा झाली. काचतंतूचं, म्हणजे फायबरग्लासचं विमान, सिग्नल आरपार जातो, म्हणून अँटेना पायलटच्या मांड्यांपासून लांब हवी, खाली धातूचा पत्रा हवा. निघताना इन्स्ट्रक्टर मला म्हणाले, "तक्ता फार छान केलात हो." मी मान हलवली. त्यांचा जुना एन्कोडर चांगला होता. तो तेवढा तपासून नव्या पेटीबरोबर पाठवायचं ठरलं.

ज्या दिवशी तो तपासायचा होता, त्या दिवशी हवा खूप कुंद होती. दोन दिवस समुद्रावर कमी दाबाचा पट्टा होता. भरतीचं पाणी मागच्या नाल्यातून शेडच्या पायरीपर्यंत आलेलं. काका डबा खायला गेले होते. मी त्यांच्या टेबलापाशी उभी राहून अल्टिमीटर बघत होते. सुई तीनशे फुटांवर होती.

मला ते खटकलं. पायरीला खाडीचं पाणी लागलंय आणि यंत्र म्हणतंय आपण तीनशे फूट उंच आहोत. पुस्तकात मी वाचलं होतं की दाब कमी असला की असं दिसतं. परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलं असतं, इंग्रजीत, आकृतीसह. पण समोरची सुई बघताना ते पुस्तक आठवलं नाही. भिंतीवर फ्रेम वाकडी दिसली की हात जातो ना, तसा माझा हात गेला. नखाने टेपची कड उचलली, बटण हळूहळू फिरवलं. सुई शून्यावर आली. खिडकीत एक हजार दोन. टेप परत दाबून बसवली.

काकांना विचारता आलं असतं. पाच मिनिटांत ते आले असते आणि तोंडात घास असतानाही त्यांनी मला समजावलं असतं. पण मी पदवीधर. ज्याला सगळे 'कागद' म्हणतात तो माझ्याकडे होता, त्यांच्याकडे नव्हता. सुई तीनशेवर का, एवढं विचारलं तर माझं हसं होईल असं वाटलं. आता आठवताना हेच सगळ्यात जास्त लागतं. बटण फिरवलं ते एक वेळ समजू शकते. विचारलं नाही, ते नाही.

जेवून आल्यावर काकांनी घाई केली. कळंबोलीहून घाटावर जाणारा टेम्पो संध्याकाळी सुटणार होता. त्यांनी एन्कोडर हवाबंद डब्यात ठेवला, अल्टिमीटरची नळी त्याच डब्याला जोडली, पंप चालू केला. पंप डब्यातली हवा काढतो, म्हणजे दोन्ही यंत्रांना वाटतं आपण वर चाललो. काका सुईचा आकडा सांगत, टेस्ट सेटवर एन्कोडरचा आकडा बघत, मी वहीत लिहीत होते.

"हजार. यो बोलतो तेराशे." थोडं थांबून, "दोन हजार. यो बोलतो तेवीसशे. तीनशेनं वर बोलतो यो गडी."

त्यांनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एन्कोडरच्या पाठीवरचा स्क्रू जरा जरा फिरवून तीनशे फूट खाली आणला. मग परत पहिल्यापासून. हजारला हजार, दोन हजारला दोन हजार. सगळा तक्ता जुळला. त्या वेळी मला काही शंका आली की नाही, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. तीनशे हा आकडा दुपारीच मी पाहिला होता. मला वाटतं, आली होती. मी लिहीत राहिले.

पाच-सहा दिवसांनी दुसरं यंत्र तपासायच्या आधी मी डायल पुसत होते. खिडकीत एक हजार दोन दिसलं आणि सगळं एकदम समोर उभं राहिलं. एन्कोडर आधी बरोबर होता. आम्ही तो चुकीचा करून पाठवला होता. आम्ही नाही, मी. काका बाहेर चहावाल्याशी बोलत होते. मी टेप काढली, बटण एक हजार तेरावर आणलं. टेपचा डिंक गेला होता, ती चिकटेना. मग रोलमधून नवी पट्टी कात्रीने कापून लावली. कडा सरळ, नीट, शाळेतल्या क्राफ्टच्या तासाला कापाव्या तशा. जुना तुकडा मी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला.

तेव्हाच बोलले असते तर एक फोन पुरला असता. पेटी अजून घाटावर खोक्यातच होती. मी स्वतःला सांगितलं, बसवताना कुणीतरी तपासेल. पावसाळ्यात तर ते विमान उडतही नाही. वेळ आहे, उद्या सांगू. असे बरेच उद्या गेले. दसऱ्याला काकांनी टेबलावरच्या एकेका यंत्राला हळदकुंकू लावलं, पंपाला, टेस्ट सेटला, अल्टिमीटरला झेंडू वाहिला. मला म्हणाले, "बाय, तू बी लाव, हे तुजं बी हाय." मी टेपला बोट लागणार नाही अशा बेताने कुंकू लावलं.

दिवाळीनंतर फोन आला. पाऊस संपला होता, क्लबची उड्डाणं सुरू झाली होती. इन्स्ट्रक्टर एका शिकाऊ पायलटला घेऊन वर होते. राडारवरून विचारणा झाली, उंची सांगा. त्यांनी सांगितली, साडेचार हजार. खालून परत प्रश्न, नक्की? त्यांच्या पडद्यावर तीनशे फूट कमी दिसत होती. त्याच बाजूला वरून दुसरं एक विमान उतरत होतं. राडारवाले दोघांमध्ये जेवढी मोकळी जागा समजत होते, त्यापेक्षा ती तीनशे फुटांनी कमी होती. त्या विमानाला थांबवलं गेलं, आमच्या विमानाला उंची पाठवणं बंद करून परत फिरायला सांगितलं गेलं. दोन्ही विमानं सुखरूप उतरली. काही झालं नाही. 'काही झालं नाही' हे इन्स्ट्रक्टरांनी फोनवर तीनदा सांगितलं, असं सर म्हणाले. मी त्या रात्री तेच शब्द मोजत पडून राहिले.

पेटी आणि एन्कोडर परत आले. काकांनी सरांसमोर टेस्ट लावली. सुई हजार, एन्कोडर सातशे. दोन हजार, सतराशे.

"मी तर बराबर करून पाठवला व्हता," काका म्हणाले. "तेव्हा यो तीनशेनं वर बोलत व्हता. मी खाली आनला."

"मग आता तीनशेने खाली कसा?" सरांनी विचारलं. "म्हणजे तेव्हा बरोबर होता काका. तुम्हाला वर दिसला."

काका टेपकडे बघत होते. त्यांनी अंगठा तिच्यावरून एकदा फिरवला, सरळ कापलेल्या कडेवरून. त्यांना काही कळलं का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी टेप काढली, खिडकीत बघितलं. एक हजार तेरा. त्या दिवशी हवा साधी होती, सुई शून्याच्या आसपास. सगळं जिथल्या तिथे.

"टेप तर हाय," ते हळूच म्हणाले. "आकडा बी हाय. मंग मलाच दिसलं नसंल नीट."

मी वही पुढे केली. त्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, हजार, तेराशे. सर म्हणाले, "हिने तुम्ही सांगितलं तेच लिहिलंय." ते खरं होतं. इतकं खरं, की त्याच्याआड मी पूर्ण लपले.

त्यानंतर काका डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, अजून पिकला नाही, इतक्यात काही करायची गरज नाही. काकांनी त्यातलं पहिलंच वाक्य धरलं. "हाय म्हनजे हाय," ते मला म्हणाले. मग टेस्टच्या वेळी ते माझी खुर्ची पुढे सरकवू लागले. "तू वाच बाय, मी लिवतो." आकडे ते अजूनही माझ्याआधी ओठांत पुटपुटायचे आणि दर वेळी बरोबर असायचे. मी वाचून दाखवला की मगच त्यांची पेन्सिल चालायची.

वर्कशॉपपुरतं असतं तरी मी कदाचित गप्प राहिले असते. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच आहे. काका रविवारी घरी जाळी विणायचे. मासे धरायला आता कुणी जात नाही, पण भावाची, पुतण्याची जुनी जाळी दुरुस्त करून ठेवायचे, हाताला चाळा म्हणून. सोमवारी बोटांवर नायलॉनच्या बारीक रेघा असायच्या. डिसेंबरात एका सोमवारी मला त्या दिसल्या नाहीत. पुढच्या सोमवारीही नाहीत.

"जाळं नाही का विणलं काका?" मी विचारलं. आपणहून त्यांना विचारलेला हा माझा बहुधा पहिलाच प्रश्न.

"सोडलं. गाठ चुकली तर मासा जातो, मानूस नाय. तरी बी," ते म्हणाले. "स्कूटर बी पोराला देऊन टाकली. उगा कोनाला ठोकायचो."

आईला घरी एवढंच सांगितलं की ऑफिसमध्ये एकाची नोकरी जाईल असं वाटतंय. आई भांडी लावता लावता म्हणाली, "तुझी नाही ना?" मी म्हटलं, नाही. मला तर बढती मिळणार होती.

कारण सरांनी ठरवलं होतं. परवानगीचे कागद माझ्या नावाने झाले होते. एक तारखेपासून टेबलाच्या रिपोर्टवर सही माझी, काकांनी पार्सल आणि पॅकिंग बघायचं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं तेव्हा मी 'थँक यू सर' म्हणाले. तोंडातून आपोआप निघालं. शाळेत बारा वर्षं तेच शिकवलं होतं, कुणी काही दिलं की थँक यू, धक्का लागला की सॉरी. सॉरी मी दिवसातून दहा वेळा म्हणते, रिक्षात, लिफ्टमध्ये, ज्यांचा पाय माझ्या पायावर पडला त्यांनाही. पण हे सांगायचं वाक्य माझ्याकडे कुठल्याच भाषेत तयार नव्हतं. घरी आरशासमोर इंग्रजीत करून पाहिलं. ते ईमेलसारखं वाटलं. मराठीत करून पाहिलं तर पहिलाच शब्द 'मी' येत होता आणि तिथेच थांबायचे.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी इन्स्ट्रक्टर स्वतः पेटी घ्यायला घाटावरून आले. एन्कोडर परत नीट लावला होता, या वेळी मी वाचून, काकांनी लिहून. आम्ही चौघं टेबलापाशी उभे होतो. सर म्हणाले, "आता काळजी नाही. पुढच्या वेळेपासून टेस्टिंग मॅडम बघणार. यंग आइज."

इन्स्ट्रक्टरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं हो काका. तुमच्याच सल्ल्याने पेटी चालू ठेवली होती, म्हणून तर चूक लक्षात आली. बंद असती तर कुणाला कळलंच नसतं."

काका हसले. उपकार मानल्यासारखं हसले, ते मला बघवलं नाही. मग त्यांनी खालचा ड्रॉवर उघडला आणि पिवळ्या टेपचा रोल काढला. बाहेरच्या कडेला दाताने तोडल्याची नक्षी तशीच होती. रोल त्यांनी माझ्यासमोर धरला.

"हे घे बाय. आता बटनावर तुजी टेप. कोनाला हात लावू देऊ नको."

मी रोल हातात घेतला नाही. पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून तो जुना तुकडा काढला. चार महिन्यांत त्याला धूळ आणि धागे चिकटले होते, पण कडा अजून करवतीसारख्या होत्या. तो टेबलावर ठेवला. तिघंही त्याच्याकडे बघत होते. इन्स्ट्रक्टरांना तो काय आहे हे कळणं शक्य नव्हतं. सरांच्या कपाळावर आठी होती. काकांकडे मी बघितलं नाही, नाहीतर परत थांबले असते.

"काकांचे डोळे बरोबर आहेत," मी म्हणाले. "एन्कोडर त्यांना तीनशेने वर दिसला, कारण अल्टिमीटर तीनशेने खाली होता. त्या दुपारी टेप मी काढली, बटण मी फिरवलं. आणि नंतर कुणाला कळू नये म्हणून परत एक हजार तेरावर आणून नवी टेपही मीच लावली."